वाचक विचारतात : टाकीत कोणती झाडं लावायची?

माशांच्या टाकीतल्या जिवंत झाडांबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते. बहुतेकांनी झाड आधी आणलं आहे आणि प्रश्न नंतर पडला आहे. म्हणून उत्तरांत झाडांच्या नावांइतकंच तुमच्या पाण्याबद्दल आणि दिव्याबद्दल लिहिलं आहे. सगळी मापं दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीची आहेत. अशा टाकीत काठोकाठ ५६ लिटर मावतं. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास उरतं. खत मोजायचं ते या ४५ लिटरवर.

दोन फुटी नवी टाकी घेतली आहे. छोटे टेट्रा ठेवायचे आहेत. दुकानदाराने अनुबियास, जावा फर्न, वॅलिस्नेरिया, अमेझॉन स्वोर्ड आणि कबोंबा अशी नावं सांगितली. दिवा झाकणातला आहे तेवढाच. यातलं काय घेऊ?
— वाचक, ठाणे

अनुबियास आणि जावा फर्न नक्की घ्या, वॅलिस्नेरिया चालेल, बाकीची दोन राहू द्या.

अनुबियास आणि जावा फर्नचं खोड आडवं सरपटतं. त्याला रायझोम म्हणतात. त्यातून वर पानं फुटतात आणि खाली मुळं. ओढ्याकाठच्या दगडांना, ओंडक्यांना धरून राहणारी ही झाडं. मुळांचं मुख्य काम पकडीचं, अन्न ती पाण्यातूनच घेतात. त्यामुळे ती वाळूत लावायची नसतात. रायझोम वाळूत गाडला की काही आठवड्यांत मऊ पडतो, त्याला कुजका वास येतो आणि पानं देठासकट सुटून तरंगू लागतात. 'अनुबियास मेली' असं कुणी सांगितलं की पहिला संशय याच गोष्टीचा घ्यावा. जाळीच्या कुंडीतून झाड काढा, मुळांभोवतीचं रॉकवूल (कापसासारखे दिसणारे तंतू) चिमट्याने वेचून टाका आणि रायझोम लाकडाला किंवा खडबडीत दगडाला सुती दोऱ्याने बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते. घाई असेल तर जेलसारख्या सुपरग्लूचे दोन थेंब पुरतात. दगड टिपून घ्यायचा, रायझोम अर्धा मिनिट दाबून धरायचा आणि सरळ पाण्यात सोडायचा.

अनुबियास फार हळू वाढते, महिन्याला एक-दोन पानं. हळू वाढणाऱ्या पानावर शेवाळ बसायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून ती दिव्याच्या थेट खाली नको. लाकडाच्या आडोशाला ठेवा.

वॅलिस्नेरिया मागच्या काचेला लावून. आठ-दहा रोपं, दोन-दोन इंचांवर. मुळं वाळूत जाऊ द्या, पण पानं जिथे पांढरट होऊन एकत्र येतात तो गड्डा वाळूच्या वर राहिला पाहिजे. ठाण्या-मुंबईकडचं नळाचं पाणी मऊ असतं, त्यात ती जराशी रेंगाळते. महिनाभर हलली नाही तरी उपटू नका. एकदा धावतं खोड फुटलं की रोपाला रोप जोडत जाते.

अमेझॉन स्वोर्ड हे झाड चांगलं आहे, पण दोन फुटी टाकीसाठी नाही. दुकानात वीतभर दिसणारं रोप वर्षात फूट-दीड फूट पसरतं आणि खालच्या सगळ्यांचा उजेड अडवतं. कबोंबाला उजेड जास्त लागतो. कमी पडला की खालच्या सुया गळतात आणि त्या फिल्टरच्या स्पंजमध्ये जाऊन बसतात. दिसायला तशीच लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा मिळते, ती घ्या. ओळख सोपी आहे. कबोंबाची पानं समोरासमोर जोडीने येतात, लिम्नोफिलाची एकेका पेराभोवती गोल झुबक्याने.

या यादीत दुकानदार विसरला ती क्रिप्टोकोरिन वेन्टी. मध्यभागासाठी, कमी उजेडात, इतकं निमूट झाड दुसरं नाही.

आता दिवा. झाकणातले जांभळट प्रकाशाचे दिवे माशांचे रंग खुलवतात; झाडांचं भागेलच असं नाही. कमी उजेडाच्या झाडांना लिटरमागे साधारण २० लुमेन (लुमेन हे उजेडाचं माप) पुरतात, म्हणजे तुम्हाला ९०० लुमेन. घरगुती ९ वॉटचा, ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी दिवा जवळपास तेवढाच उजेड देतो. खोक्यावर आकडा छापलेला असतो, तो बघून घ्या. पहिला महिना दिवसाला सहा तास, मग आठ. टायमर लावा, हाताने चालू-बंद करणाऱ्यांच्या घरी सणासुदीला दिवा बारा तास चालतो आणि पुढच्या आठवड्यात काच हिरवी होते.

पहिल्याच दिवशी झाडं भरपूर लावा. चार काड्या लावून 'वाढतील हळूहळू' म्हणून बसलात तर नव्या टाकीत सुटणारा अमोनिया झाडांऐवजी शेवाळ खातं. लिम्नोफिलाच्या दहा-बारा काड्या, वर तरंगता हॉर्नवर्टचा एक जुडगा आणि वरची बाकी मंडळी, एवढं पहिल्या दिवशी हवं. हॉर्नवर्ट दोन महिन्यांनी काढून टाकला तरी चालेल.

क्रिप्टोकोरिनची तीन रोपं लावली. आठवड्यात सगळी पानं पारदर्शक होऊन विरघळली. पाण्यात काय दोष असेल?
— वाचक, पुणे

बहुधा काहीच नाही. विक्रीसाठीची पाणझाडं बहुतेक ठिकाणी पाण्याबाहेर, दमट शेडमध्ये वाढवतात. तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळतो, वाढ झपाट्याने होते आणि शेवाळ, गोगलगायी येत नाहीत. पण त्या पानांवर मेणाचा थर असतो, श्वासरंध्रं असतात. ती हवेसाठी घडलेली पानं आहेत. पाण्यात गेल्यावर झाड ती टाकून देतं आणि पाण्याजोगी नवी काढतं. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली, पाण्याचं तापमान बदललं, दिवा बदलला तरी रुसते.

विरघळलेली पानं देठाशी कापून बाहेर काढा, नाहीतर ती कुजून पाणी बिघडवतील. गड्ड्याला हात लावू नका. बोटाने चाचपून तो घट्ट लागला तर तीन ते सहा आठवड्यांत मधून नवी, अरुंद पानं दिसतील. या काळात रोप उपटून दुसरीकडे लावणं हा सगळ्यात मोठा अपराध, कारण मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

झाड घेतानाच ओळखायचं असेल तर ते पाण्याबाहेर धरून पाहा. पाण्यात वाढलेलं झाड ओल्या फडक्यासारखं लोंबतं. ताठ उभं राहिलं तर ते हवेत वाढलेलं आहे. घ्यायला हरकत नाही, पण पानगळ होणार हे धरून चाला. पारदर्शक डबीतली टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत जेलवर वाढवलेली रोपं तर याहून कोवळी असतात. जेल कोमट पाण्यात पूर्ण धुऊन काढा आणि रोपाचे दोन-तीन सेंटिमीटरचे पुंजके करून लावा. गोगलगाय आणि शेवाळ त्यांच्याबरोबर येत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, टीडीएस ९०० दाखवतो. रोटाला आणि मॉस दोन्ही गेली. बोअरच्या पाण्यात झाडं होतच नाहीत का?
— वाचक, लातूर

होतात, मात्र वेगळी. आधी एक खुलासा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून. त्यात कॅल्शियम किती आणि मीठ किती हे मीटर सांगत नाही. पंधरा-वीस थेंब मोजायचा जडपणाचा संच मिळतो, तो एकदा वापरा.

जड बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, पण मोकळा कार्बन डायऑक्साइड थोडा. मॉस आणि रोटाला फक्त मोकळ्या कार्बन डायऑक्साइडवर जगतात, म्हणून तुमच्याकडे त्यांची उपासमार झाली. वॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट बायकार्बोनेट फोडून त्यातला कार्बन घेऊ शकतात. मऊ पाणीवाले ज्या वॅलिस्नेरियासाठी महिनोन्महिने वाट पाहतात ती तुमच्याकडे तणासारखी माजेल. शाळेत उपडं नरसाळं आणि परीक्षानळी लावून जिचे बुडबुडे मोजले तीच ही हायड्रिला. दुकानात तिला कुणी भाव देत नाही, पण जड पाण्याची ती राणी आहे. हायड्रिलाच्या पानांवर खरखरीत पांढरा थर दिसला तर घाबरू नका. बायकार्बोनेट वापरताना पानाच्या पृष्ठभागावर चुना बसतो, त्याचाच तो थर. अनुबियास आणि क्रिप्टोकोरिन वेन्टीही जड पाणी सोसतात.

मॉस हवंच असेल तर घरच्या आरओचं पाणी मिसळा. हिशेब सरळ आहे: ९०० आणि ५० चं पाणी समसमान मिसळलं की ४७५. दर आठवड्याला पाणी बदलताना हेच प्रमाण ठेवा. एकदा मऊ, एकदा जड असं झालं तर कुठलंच झाड टिकत नाही. सॉफ्टनरचं पाणी मात्र नको. त्यात कॅल्शियम काढून सोडियम घातलेलं असतं, त्याने झाडांचं भलं होत नाही.

आणि वाळू तपासा. संगमरवराचे तुकडे, शंख-शिंपले, पांढरे पोवळ्याचे दगड जड पाणी आणखी जड करतात. चमचाभर वाळूवर लिंबूसत्त्वाचं दाट पाणी घाला. फेस आला तर ती वाळू टाकीसाठी बाद. काळ्या बेसाल्टची खडी किंवा धुतलेली नदीची वाळू, दोन-तीन मिलिमीटर दाण्याची, दोन ते अडीच इंच थर, एवढं पुरे.

द्राक्षबागेसाठी १३:००:४५ आणि ००:५२:३४ ही विद्राव्य खतं घरात असतात. टाकीत वापरली तर चालतील का? दुकानातली छोटी बाटली फार महाग पडते.
— वाचक, तासगाव

चालतील. बऱ्याच बाटल्यांत याच मिठांचं पाणी असतं. पण मात्रा बागेची नव्हे. टाकीसाठी ग्रॅमचे अंश मोजावे लागतात, म्हणून आधी द्रावण करा.

१३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ते २५ ग्रॅम अर्ध्या लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा. यातल्या १० मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम येतं, आणि ४५ लिटरच्या टाकीत त्यातून सुमारे ७ पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) नायट्रेट आणि ४ पीपीएम पोटॅशियम मिळतं. कमी उजेडाच्या, कार्बन डायऑक्साइड न सोडलेल्या टाकीला आठवड्याला एवढं पुष्कळ झालं. मासे दाटीने असतील तर नायट्रेट त्यांच्या विष्ठेतूनच मिळतं. तिथे १३:००:४५ ऐवजी ००:००:५० वापरा, म्हणजे नुसतं पालाश जाईल.

००:५२:३४, म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, दुसऱ्या बाटलीत: अडीच ग्रॅम, अर्धा लिटर पाणी. १० मिलिलिटरमधून पाऊण पीपीएमच्या आसपास फॉस्फेट मिळतं, आठवड्याला एकदा.

लोहासाठी १२ टक्क्यांचं चिलेटेड फेरस (यात ईडीटीए लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवतं) एक ग्रॅम, पाव लिटर पाण्यात. त्याचे १० मिलिलिटर घातले की ०.१ पीपीएम लोह होतं. पाण्याचा सामू साडेसहाच्या वर गेला की ईडीटीएची लोहावरची पकड सैल होत जाते, त्यामुळे एकदम सगळं घालण्यापेक्षा आठवड्यात दोनदा ५-५ मिलिलिटर घाला. लाल रंगाचं ईडीडीएचए हे दुसरं चिलेटेड लोह जड पाण्यात टिकतं खरं, पण टाकीचं पाणी गुलाबी करतं. लोह आणि फॉस्फेट एका बाटलीत कधीही नको, दोन्ही मिळून साका खाली बसतो. टाकीतही एकाच दिवशी देऊ नका.

आता जे अजिबात घालायचं नाही ते. १९:१९:१९ मधल्या नत्राचा मोठा वाटा युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. १२:६१:०० मध्येही अमोनियाच. बोअरच्या पाण्याचा सामू चढा, त्यात उन्हाळ्याचं तापमान. अशा पाण्यात अमोनियाचं विषारी रूप वाढतं आणि मासे सकाळी वर तोंड काढून उभे राहतात. फवारणीचं सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रणही नको. त्यात तांबं आणि जस्त पिकाच्या हिशेबाने असतं. टाकीत कोळंबी असेल तर तांब्याने ती मरेल. शेणखत, गांडूळखत वाळूखाली पुरण्याचा मोहही टाळा.

खत द्यायचं की नाही हे पानं पाहून ठरवा. नत्र, स्फुरद, पालाश झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, म्हणून त्यांची कमतरता खालच्या जुन्या पानांवर दिसते. सगळं पान पिवळं पडून गळलं तर नत्र कमी. पानाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडून ती मोठी होत गेली तर बहुतेक वेळा पालाश. लोह असं हलवता येत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची नवी पानं फिकी येतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आधीच खराब झालेलं पान खत देऊन सुधारत नाही. नवीन पान कसं येतं ते पाहा, तेही दोन आठवड्यांनी. द्राक्षाचं पान वाचायची तुम्हाला सवय आहेच, इथे नियम तोच आहे.

जमिनीवर हिरवळ पसरलेली टाकी करायची आहे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय जमेल का?
— वाचक, कोल्हापूर

चित्रात दिसते ती माँटे कार्लोची किंवा क्युबाची बारीक हिरवळ सिलिंडरशिवाय क्वचितच जमते. पहिला महिना बरी दिसते, मग मुळाशी पिवळी होऊन चादरीसारखी सुटून वर येते. कारण साधं आहे: तळाला उजेड पोहोचवायला दिवा वाढवावा लागतो, उजेड वाढला की झाडाची कार्बनची भूक वाढते, तो मिळाला नाही की शेवाळ पुढे जातं.

सिलिंडरशिवाय हवी असेल तर बुटकी सॅजिटेरिया. तिची पानं गवतासारखी, चार-सहा इंच होतात. धावत्या खोडाने पसरते, चार-पाच महिन्यांत तळ भरतो. भातखाचरात चार पाकळ्यांचं पान दिसतं त्या मार्सिलियाच्या जातकुळीतली छोटी जातही मिळते, पण ती फार हळू चालते. दोन्हींना दर तीन-चार महिन्यांनी मुळाशी खताची गोळी खोचावी लागते.

घरगुती गॅस करायचा असेल तर यीस्ट-साखरेपेक्षा लिंबूसत्त्व आणि खायचा सोडा बरा. दोन लिटरच्या दोन शीतपेयाच्या बाटल्या, झाकणांचा तयार संच. एकीत २०० ग्रॅम लिंबूसत्त्व आणि ६०० मिलिलिटर पाणी, दुसरीत २०० ग्रॅम सोडा आणि २०० मिलिलिटर पाणी. नुसती प्लॅस्टिकची नळी आणि घरी भोक पाडलेली झाकणं लावून हा उद्योग करू नका, दाब बराच येतो. सुईझडप (गॅस थोडा थोडा सोडणारी झडप) असलेलाच संच घ्या. दिवा लागायच्या तासभर आधी गॅस सुरू आणि दिव्याबरोबर बंद. आज आहे, उद्या नाही असा गॅस मिळाला तर पानांच्या कडांवर काळं केसाळ शेवाळ येतं, आणि ते अनुबियासवर सगळ्यात आधी. तसं झालं तर झाड लाकडासकट बाहेर काढा, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने त्या जागी लावा, तीन-चार मिनिटांनी धुऊन परत ठेवा. दोन दिवसांत शेवाळ लालसर होऊन मरतं. द्रवरूप कार्बन म्हणून मिळणाऱ्या ग्लुटाराल्डिहाइडच्या बाटलीचाही असाच उपयोग होतो, मात्र टाकीत वॅलिस्नेरिया असेल तर ती वापरू नका. तिची पानं त्याने विरघळतात.

लकी बांबू टाकीत लावला तर चालतो का? दुकानात टाकीतच ठेवलेला असतो.
— वाचक, अहिल्यानगर

पूर्ण बुडवून चालत नाही. तो बांबू नाहीच, ड्रसिनाची जात आहे, जमिनीवरचं झाड. पाण्याखाली दोन-तीन महिने हिरवा दिसतो, मग खोड पिवळं पडून सडतं. दुकानात असाच विकला जाणारा जांभळ्या सुरकुतलेल्या पानांचा हेमिग्राफिस, पांढऱ्या पट्ट्यांचं क्लोरोफायटम आणि पीस लिलीही त्यातलीच. फक्त मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील असा लकी बांबू लावता येतो. त्याहून कामाचा मनीप्लांट. त्याच्या दोन-तीन वेली टाकीच्या मागच्या काठावर अडकवा, मुळं पाण्यात सोडा. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला फुकट असल्यामुळे तो पाण्यातलं नायट्रेट भराभर ओढतो.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३३ अंशांपर्यंत जातं. जावा फर्न काळी पडली. कोणती झाडं तग धरतील?
— वाचक, नागपूर

वॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट आणि अनुबियास. जावा फर्न आणि मॉसचे बहुतेक प्रकार ३० च्या पुढे कुढतात. काळी पानं कापा, रायझोम हिरवा असेल तर पावसाळ्यात फुटेल.

झाकण काढून पाण्यावर तिरका छोटा पंखा सोडा. तुमच्याकडची हवा कोरडी असल्यामुळे पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. कोकणातल्या दमट हवेत याचा निम्माही फायदा होत नाही. कूलर चालणाऱ्या खोलीत टाकी असेल तर पंख्याची गरज फारशी पडत नाही. पाणी उडालं की भर आरओच्याच पाण्याची घाला, कारण वाफ फक्त पाण्याची होते, क्षार मागे राहतात आणि महिनाभरात टाकी खारट होते. दिवा दुपारी नको, संध्याकाळी सहा ते रात्री एक ठेवा. एअर पंप रात्रभर चालू हवा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ ला ७.३, त्यात अंधार पडला की झाडंही तो वापरतात.

गोल्डफिश एकही झाड राहू देत नाहीत. काही उपाय?
— वाचक, नाशिक

लाकडाला पक्की बांधलेली जाड पानांची अनुबियास. बाकी जे लावाल ते कोशिंबीर.

ओढ्यात वॅलिस्नेरियासारखी वळलेल्या पानांची झाडं दिसतात. आणून लावली तर?
— वाचक, कुडाळ

ती बहुधा क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरालिस असेल, सह्याद्रीच्या नद्या-ओढ्यांतली आपली मूळची क्रिप्टोकोरिन. ती चालत्या पाण्यातली, पावसाळ्यात बुडणारी आणि पाणी उतरलं की फुलणारी आहे. टाकीतल्या बारमाही साचलेल्या पाण्यात मंद होते. रोटाला रोटुंडिफोलिया आणि जलब्राह्मी यांचंही मूळ आपल्याच ओलसर जमिनींत आहे, आणि दोन्ही रोपवाटिकेत सहज मिळतात. त्यामुळे ओढ्याला हात लावायचं कारण नाही. शिवाय ओढ्याच्या झाडाबरोबर चतुराची अळी येते, ती गप्पीची पिल्लं फस्त करते.

कासच्या पठारावरचा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, काही जणांना खुणावतो असं पत्रांवरून दिसतं. तो फक्त आपल्या सह्याद्रीच्या पठारांवरचा आहे. पावसाळ्यात फुलतो, पुढे कोरड्या काळात कंद जमिनीत झोपतो. बारमाही कोमट टाकीत त्याला ही झोप मिळत नाही. आणि राखीव वनातून झाड उपटणं हा गुन्हा आहे, हे वेगळं सांगायला नको. श्रीलंकेतून येणाऱ्या अपोनोजेटॉन क्रिस्पसचे कंद बाजारात स्वस्त मिळतात, ते लावा. कंद वाळूवर नुसता टेकवायचा, आठवड्यात मोड येतो.

हॉर्नवर्ट आणि कबोंबा इतके वाढले की दर आठवड्याला बादलीभर निघतं. नदीत सोडलं तर चालेल का?
— वाचक, पिंपरी

नाही. पवनेवरची जलपर्णी तुम्ही रोज बघता. तीही शोभेचं झाड म्हणूनच देशोदेशी फिरली. केरळात कोझिकोड जिल्ह्यातला आवळा पांडीचा कालवा २०२० मध्ये गुलाबी फुलांनी भरला आणि बघ्यांची रीघ लागली. ती फुलं दक्षिण अमेरिकेतल्या कबोंबा फर्काटाची होती, टाकीतल्या कबोंबाचीच बहीण. या झाडांना पसरायला बी असण्याची गरज नसते, दोन पेरांचा तुकडा पुरतो. म्हणून कापलेलं नाल्यात किंवा शौचालयातही टाकू नका. गच्चीवर दोन-तीन दिवस कडक वाळवा, मग कुंडीतल्या मातीत मिसळा. खत म्हणून उत्तम.

नव्या झाडांबरोबर गोगलगायी आल्या. आता पुढच्या वेळी काय काळजी घेऊ?
— वाचक, पणजी

एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम तुरटीची पूड विरघळवून झाड दोन-तीन तास त्यात ठेवा आणि वाहत्या पाण्यात धुवा. बारीक जंतू, शेवाळाचे तंतू यांच्यासाठी पोटॅशियम परमँगनेट: एक ग्रॅम लिटरभर पाण्यात, त्यातले १०० मिलिलिटर दहा लिटरच्या बादलीत, दहा मिनिटं. मॉस आणि हॉर्नवर्ट यात लवकर तपकिरी पडतात, त्यांना पाच मिनिटं पुष्कळ.

गोगलगायींची अंडी मात्र दोन्हींतून निभावू शकतात. पानाच्या मागच्या बाजूला जेलीचा पारदर्शक ठिपका दिसला तर नखाने खरवडा आणि झाड तीन आठवडे वेगळ्या बादलीत, खिडकीच्या उजेडात ठेवा. पाणी दोन-तीन दिवसांआड बदला. रोपवाटिकेतलं कीटकनाशक पानांवर राहिलेलं असेल तर तेही याच काळात धुऊन जातं, आणि कोळंबी पाळणाऱ्यांनी ही पायरी कधीच गाळू नये.

आत्ता टाकीत आहेत त्यांच्यासाठी रात्री काकडीची चकती काट्याला टोचून तळाशी सोडा, सकाळी गोगलगायींसकट उचला. आठवडाभर रोज हे करा आणि माशांचं खाणं निम्म्यावर आणा. त्या वाढतात त्या उरलेल्या खाण्यावर. मारायचं औषध बहुतेक तांब्याचं असतं; त्याने गोगलगायी एका रात्रीत मरून कुजतात आणि वॅलिस्नेरियाही जाते.